रोज एक चित्र, आणि अंगठ्याचे दुखणे

ऑक्टोबर महिना अर्ध्यावर आला की गेली काही वर्षे दवाखान्यात एक नव्या धर्तीचा रुग्ण दिसू लागला आहे. वय चौदापासून पन्नाशीपर्यंत कितीही. तक्रार मात्र एकच. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका आणि मनगट वळवताना कळ. पडलात का, मार लागला का, काही जड उचलले का, असे विचारले तर उत्तर 'नाही' असे येते. थोडे खोदून विचारले की मग जरा ओशाळून सांगतात, "डॉक्टर, रोज एक चित्र काढायचं ठरवलंय. आज सतरावा दिवस."

ऑक्टोबरच का, याला कारण आहे. जेक पार्कर नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने २००९ साली स्वतःची शाईकामाची सवय सुधारावी म्हणून ऑक्टोबरच्या ३१ दिवसांत ३१ शाईचित्रे काढण्याचा नेम केला. शाईला इंग्रजीत 'इंक' म्हणतात, म्हणून या नेमाचे नाव पडले 'इंकटोबर'. पुढे दर दिवसासाठी एकेका शब्दाची यादी निघू लागली आणि जगभरचे हौशी चित्रकार त्यात सामील झाले. आपल्याकडेही चित्रकलेची आवड असलेली शाळा-कॉलेजातील मुले, चित्रकला शिक्षक, एवढेच नव्हे तर घरी असलेल्या गृहिणी आणि निवृत्त मंडळीही असे नेम धरू लागली आहेत. कोणी महिन्याचा धरतो, कोणी शंभर दिवसांचा, तर कोणी वर्षाचा.

या कल्पनेत मुळात नवे काही नाही. प्राचीन ग्रीसमधील अपेलीस हा चित्रकार, जो अलेक्झांडरच्या पदरी होता, कितीही कामात असला तरी निदान एक रेघ ओढल्याशिवाय दिवस जाऊ देत नसे, असे प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवले आहे. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? आपल्या घरोघरच्या बायका उंबऱ्यापुढे रोज सकाळी रांगोळी काढतात ते दुसरे काय आहे? चैत्रात तर शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर अंगणात चैत्रांगण काढायची रीत आहे. मखरातली गौर, तुळस, गोपद्मे, शंख, चंद्र-सूर्य अशी कितीतरी शुभचिन्हे त्यात असतात. पहिल्या दिवशी वाकडे आलेले कमळ महिन्याअखेरीस कसे सरळ येते, हे ज्यांनी आजी-आईचा हात पाहिला आहे त्यांना सांगावयास नको. कागद नाही, बक्षीस नाही, दुसऱ्या दिवशी सारे पुसून पुन्हा नव्याने सुरुवात. माझ्या मते रोजच्या चित्राचा हा सर्वांत निरोगी प्रकार. फक्त उकिडवे बसणे गुडघ्यांना जड जाते, तेव्हा ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बुटक्या स्टुलावर बसून काढावे.

रोज थोडे थोडे काढल्याने हात सुधारतो का, हा प्रश्न बरेच जण विचारतात. सुधारतो, आणि त्यामागे शरीरशास्त्र आहे. हात सफाईदार होतो तो बोटांच्या स्नायूंत ताकद आल्यामुळे नव्हे. डोळ्यांनी पाहिलेले माप मेंदूने हाताला कळवायचे आणि हाताने तेवढेच हलायचे, ही जोडणी पक्की होते म्हणून. ही जोडणी सरावाच्या वेळी तर होतेच, पण सराव थांबल्यावर, विशेषतः रात्रीच्या झोपेत, मेंदू ती घट्ट करत असतो. म्हणून रविवारी एका बैठकीत सात चित्रे काढणाऱ्यापेक्षा आठवडाभर रोज एक काढणाऱ्याचा हात लवकर वळतो. मध्ये सहा रात्री येतात हे त्यातले मर्म.

याचा फार चांगला दाखला ब्रिटनच्या टपाल खात्याने दिला आहे. पिनकोडची यंत्रे आली तेव्हा टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवायचे होते. बॅडली आणि लाँगमन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे चार गट पाडले. एका गटाला रोज फक्त एक तास, तर दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका. १९७८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज एक तास बसणाऱ्यांना कळफलक शिकायला एकूण सुमारे ३५ तास लागले, रोज चार तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. गंमत पुढेच आहे. सर्वांत कमी तासांत शिकलेला हा एक तासवाला गटच आपल्या शिक्षणावर सर्वांत नाखूश होता! दिवस जास्त लागत होते, म्हणून आपण मागे पडतो आहोत असे त्यांना वाटत होते. रोज चित्र काढणाऱ्यांनाही दुसऱ्या आठवड्यात नेमके असेच वाटते. पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरलेला असतो, हात अजून सुधारलेला दिसत नसतो आणि शेजारच्याची चित्रे आपल्यापेक्षा बरी वाटू लागतात. नेम सुटतात ते बहुधा याच टप्प्यावर. त्यावर साधा उपाय असा की, पहिल्या दिवशी एक ठरावीक वस्तू, समजा पाण्याचा तांब्या, काढून तारीख घालून ठेवावी. मधले दिवस हवे ते काढावे. दहाव्या, विसाव्या आणि तिसाव्या दिवशी पुन्हा तोच तांब्या काढावा. शेजाऱ्याच्या चित्राशी तुलना करण्याऐवजी आपल्याच तांब्याशी करावी. तांब्याच्या तोंडाची लंबगोल कड पहिल्यांदा कशी टोकदार आली होती आणि आता कशी वळते, हे पाहून जो हुरूप येतो तो औषधाच्या दुकानात मिळत नाही.

शब्दांच्या याद्यांविषयीही माझे मत थोडे वेगळे आहे. यादीमुळे 'आज काय काढू' हा प्रश्न सुटतो हे खरे. पण 'ड्रॅगन' किंवा 'अंतराळ' असा शब्द आला की मुले समोर पाहून काढायचे सोडून दुसऱ्याचे चित्र गिरवतात. घरातली वस्तू समोर ठेवून काढण्याने जे शिक्षण होते ते त्यात होत नाही. आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन वेगळे विषय ठेवले आहेत त्यात मोठे शहाणपण आहे. आधी पाहून काढावे, मग न पाहता आठवून काढावे. डोळा तयार होतो तो असा.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात एका तालुक्याच्या गावचे चित्रकला शिक्षक माझ्याकडे आले. वय ४६. त्यांनी ३१ दिवसांचा नेम धरला होता आणि शाळेतल्या मुलांनाही धरायला लावला होता. सर स्वतः रात्री जेवणानंतर बॉलपेनने बारीक रेषांची, दोन-दोन तास चालणारी चित्रे काढत. नवव्या दिवशी अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले. त्यांनी मलम लावले. पंधराव्या दिवशी पट्टी बांधून काढले. तेविसाव्या दिवशी सकाळी त्यांना विहिरीवरून बादली उचलता येईना, शाळेत खडू धरता येईना, तेव्हा आले. मी त्यांना अंगठा तळहातात घेऊन वर मूठ मिटायला सांगितली आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वळवली. सर खुर्चीतून अर्धे उठले.

याला आमच्या शास्त्रात 'डी क्वेर्वेन' या स्विस शल्यचिकित्सकाचे नाव आहे. अंगठा बाहेर नेणाऱ्या आणि ताठ करणाऱ्या दोन स्नायूंच्या दोऱ्या मनगटाच्या कडेने एका अरुंद बोगद्यातून जातात. लेखणी घट्ट धरून तासन्‌तास तीच ती हालचाल केली की बोगद्याचे अस्तर जाड होते आणि दोऱ्या त्यात घासू लागतात. बाळाला सारखे उचलून घेणाऱ्या नव्या आयांना आणि धुणे पिळणाऱ्यांनाही हे होते. सुरुवातीला आठ-दहा दिवस हात खरोखर थांबवला तर पुष्कळदा एवढ्यावरच भागते. पट्टी बांधून काम रेटले तर मग अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट, गोळ्या, कधी इंजेक्शन आणि क्वचित प्रसंगी त्या बोगद्याचे छत उघडण्याची छोटी शस्त्रक्रिया, अशी पायरी चढत जावे लागते.

सरांना मी तीन आठवडे हात बंद ठेवायला सांगितला. त्यांचा चेहरा पडला. "डॉक्टर, आठच दिवस राहिलेत. साखळी तुटेल. मुलांना काय सांगू?" मी म्हटले, "सर, पुढे अजून बरीच वर्षं नोकरी आहे. फळ्यावर काय डाव्या हाताने काढणार?" हे मी रागानेच म्हटले होते, पण सरांनी ते मनावर घेतले. उरलेले आठ दिवस त्यांनी डाव्या हाताने, रोज दहा मिनिटे, जाड पेन्सिलीने काढले आणि मुलांसमोर ती वेडीवाकडी चित्रे भिंतीवर लावली. नंतर मला सांगत होते, "उजवा हात सवयीने काढतो, वस्तूकडे बघतच नाही. डाव्याला मात्र प्रत्येक रेघेला बघावं लागतं." एका मुलाने त्यांना विचारले म्हणे, की सर, तुम्हालाही येत नाही का? वर्गातली चार-पाच मागे राहिलेली मुले त्या दिवसापासून वही आणू लागली. सरांचा अंगठा स्प्लिंटने आणि पुढे एका इंजेक्शनने बराच सुधारला, पण पूर्ण नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी अजून कुरकुरतो. आता ते दिवसाआड काढतात.

दिवसाआड काढले तर नेम मोडला असे समजायचे कारण नाही. खुद्द पार्कर यांनी आपल्या नियमातच सवलत ठेवली आहे. रोज जमत नसेल त्याने दिवसाआड काढावे, तेही जमत नसेल त्याने आठवड्याला एक. तुम्ही जे ठरवाल ते पाळा, एवढाच त्यांचा आग्रह. आणि एक दिवस चुकल्याने सवय मोडते ही समजूतही खरी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावायला सांगून बारा आठवडे त्यांच्या नोंदी घेतल्या. २००९ साली त्या प्रसिद्ध झाल्या. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले, पण माणसामाणसांत फरक केवढा! कोणाला १८ दिवस, तर कोणाला हिशेबाने २५४. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा पाहुणे आले, ताप आला, लग्नकार्य निघाले, तर चित्र राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी दोन काढून भरपाई करण्याचा हट्ट तर मुळीच करू नये. दुखणी सुरू होतात ती बहुधा या भरपाईच्या दिवशी.

दुखणे येऊच नये म्हणून काय करावे? पहिली गोष्ट पकडीची. चित्र काढता काढता मध्येच थांबून आपल्या पहिल्या बोटाच्या नखाकडे पाहा. नखाचे टोक पांढरे पडले असेल तर तुम्ही पेन्सिल आवळून धरली आहे. एच किंवा एचबी पेन्सिलीने गडद काढायचे तर दाबावे लागते. त्याऐवजी २बी, ४बी अशी मऊ पेन्सिल घ्यावी. बॉलपेनलाही जोर लागतो. शाईचे पेन आणि कुंचला यांना तो लागत नाही. पेन्सिल बारीक वाटत असेल तर तिला चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून जाड करावी. लांब रेघ मनगटाने न ओढता खांद्यातून ओढावी. फळ्यावर लिहिताना हात जसा सबंध फिरतो, तसा. सुरुवातीची दोन मिनिटे रद्दी कागदावर नुसते मोठे लंबगोल काढावेत. हात मोकळा होतो आणि कोऱ्या कागदाची भीतीही जाते.

दुसरी गोष्ट मानेची. प्रौढ माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. ते ताठ मानेवर तोललेले असते तोवर ठीक. पुढे झुकले की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. जमिनीवर वही ठेवून त्यावर ओणवे होऊन काढणाऱ्यांची मान आणि कंबर दोन्ही धरतात. पूर्वी पेढीवर मुनीमजींपुढे उतरत्या फळीचे बैठे मेज असे, तशी फळी उत्तम. नसेल तर एका टोकाला दोन जाड पुस्तके लावून पाट तिरपा करावा. उजव्या हाताने काढणाऱ्यांनी उजेड डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली रेघेवर पडत नाही. दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे. बारीक काम करताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडून चुरचुरतात. चाळिशी उलटलेल्यांना जवळचे धूसर दिसत असेल तर डोळे बारीक करून काढत बसू नये, चष्म्याचा नंबर काढून घ्यावा.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. अंगठा, पहिले व मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री झोपेतून हात झटकत उठावे लागत असेल, तर ते वेगळे दुखणे आहे. मनगटातील मज्जातंतू दाबला जात असतो. मधुमेह किंवा थायरॉईडचा विकार असलेल्यांत ते जास्त आढळते. त्यासाठी घरगुती मालीश करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, मग काढूच नये का? काढावे, जरूर काढावे. मनाला त्याने विसावा मिळतो हे मी पाहिले आहे. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल व सहकाऱ्यांनी २०१६ साली ३९ प्रौढांना ४५ मिनिटे हवे तसे कलाकाम करू दिले आणि आधी व नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारे संप्रेरक, तपासले. सुमारे ७५ टक्के लोकांत ते उतरले होते. ज्यांना चित्रकलेचा गंध नव्हता त्यांच्यातही उतरले. प्रयोग लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. रक्तदाबाची गोळी बंद करून चित्रे काढा असे तर मुळीच नाही. सतत उदास वाटणे, झोप उडणे, जगणे नकोसे वाटणे यावर वही हे औषध नव्हे. तिथे डॉक्टरच हवा.

वयस्कर मंडळींना आणखी एक फायदा आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील प्रयोगांत असे दिसले की, एखादा शब्द नुसता लिहून काढण्यापेक्षा त्याचे चित्र काढले तर तो अधिक लक्षात राहतो. चित्र चांगले आहे की वाईट याने फरक पडत नाही, आणि वयस्करांनाही याचा लाभ होतो. माझ्या एक रुग्ण काकू आहेत, वय ६९. यजमान गेल्यावर त्यांच्या सुनेने त्यांना पोस्टकार्डाएवढ्या पानांची एक वही आणून दिली. काकू रोज दुपारी स्वयंपाकघरातले एकेक भांडे काढतात. कढई, सांडशी, खलबत्ता. काकांचा चहाचा पेला त्यांनी चार महिने काढला नाही. परवा रक्तदाब तपासायला आल्या तेव्हा वही सोबत होती. तो पेला सबंध पानभर होता, आणि खाली एका ओळीत चहात साखर किती लागायची ते लिहिले होते.

वय झाले, आता हात काय सुधारणार, असे म्हणणाऱ्यांसाठी जपानच्या होकुसाईचे उदाहरण आहे. समुद्राच्या उंच लाटेखाली होड्या आणि मागे इवलासा फुजी पर्वत, हे त्याचे चित्र बहुतेकांनी कुठेतरी पाहिलेले असते. जन्म १७६० चा. साठी उलटल्यावर त्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. जपानी लिंबाचा कसलासा काढा घेऊन तो बरा झाला म्हणतात (वाचकांनी हा प्रयोग करू नये, तडक इस्पितळ गाठावे, तेही पहिल्या काही तासांत). लाटेचे ते चित्र त्या आजारानंतरचे आहे. पुढे वयाच्या ८२-८३ व्या वर्षी त्याने रोज सकाळी एक सिंह काढण्याचा नेम धरला. अरिष्ट टळावे म्हणून. त्यातले दोनशेहून अधिक सिंह आजही जपून ठेवलेले आहेत. काही रागीट, काही खेळकर, काही दोन-चार फटकाऱ्यांत संपलेले. भरभर काढलेले, कुंचल्याने, हाताला जोर न लावता.

लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना एकच विनंती. इंटरमिजिएटच्या ग्रेडला दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणून रोजचे चित्र हा आणखी एक गृहपाठ करू नका. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. मुलगा वही घेऊन बसला नाही तर त्या दिवशी त्याला खेळायला जाऊ द्या.

आणि रंग वापरणाऱ्यांसाठी शेवटचे. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्याची खोड अनेकांना असते. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली असाच कुंचला ओठांनी टोकदार करत. त्या रंगात रेडियम होते. कित्येकींच्या जबड्याची हाडे सडली, काहींचे प्राण गेले. आपल्या रंगात रेडियम नसते, पण काही रंगांत शिसे, कॅडमियम यांसारखे धातू असू शकतात. टोक ओल्या फडक्यावर करावे. टर्पेंटाईन वापरताना खिडकी उघडी ठेवावी, आणि कुंचले धुण्याचा पेला चहाच्या कपांपासून वेगळा, वेगळ्या फळीवर ठेवावा.